कंप्युटरचा पंखा साफ करूनही पुन्हा पुन्हा घोंघावतो? गोव्याच्या हवेत मला सापडलेली कारणं आणि उपाय

"ताई, तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का?"

ऑनलाइन शिकवणीत पुण्याच्या एका विद्यार्थिनीच्या आईनं मला हे विचारलं. मिक्सर बंद होता. मुलगी भूपाचा आरोह म्हणत होती आणि माझ्या टेबलाखालचा कंप्युटर इतका घोंघावत होता की माइकनं तंबोऱ्याच्या आधी त्यालाच पकडलं होतं.

मी फोंड्याजवळ राहते. कौलारू घर, अंगणात तांबडी माती, खिडकीपलीकडे माड. गाणं शिकवते, आसपासच्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करून देते, त्यांचे व्हिडिओ जोडते. कंप्युटर २०२१ मध्ये घेतलेला. त्यात कोअर आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, मध्यम आकाराचं कॅबिनेट, पुढे एक पंखा आणि मागे एक. पहिलं वर्ष शांततेत गेलं. मग एप्रिलमध्ये घरघर सुरू झाली. साफ केला, थांबली. जूनमध्ये पुन्हा. साफ केला, थांबली. चतुर्थीच्या आधी पुन्हा. दुरुस्तीवाल्यानं दोनदा पंखा बदलला आणि दोन्ही नवे पंखे महिना-दीड महिन्यात जुन्यासारखेच ओरडायला लागले. पंख्यात दोषच नव्हता. त्याला इतकं पळावं का लागतंय, हे कुणी शोधलं नव्हतं. शेवटी भाच्याला हाताशी घेऊन मी स्वतः शोधायला बसले.

आधी आवाज नीट ऐका

कॅबिनेटची बाजूची पत्री काढा, कागदाची लांब सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका पंख्याजवळ न्या. पात्यांत घालू नका, दोन बोटं अंतर ठेवा. आवाज कुठून येतोय ते मिनिटभरात कळतं. भाचा पैजेवर सांगत होता की ग्राफिक्स कार्डाचा आवाज आहे. सुरळीनं सांगितलं, प्रोसेसरवरच्या पंख्याचा.

मग आवाजाची जात पाहायची. वाऱ्यासारखा 'हूऽऽ' असेल तर पंखा जोरात फिरतोय, म्हणजे कुठंतरी उष्णता साठतेय. पत्रीवर तळहात दाबल्यावर थांबणारी 'घुंऽऽ' म्हणजे थरथर: सैल स्क्रू, नाही तर लाकडी टेबलाला टेकलेलं कॅबिनेट. नियमित टिकटिक म्हणजे एखादी वायर पात्याला लागतेय. चालू करताना पहिली दोन मिनिटं खरखर आणि मग शांत, तर बेअरिंगमधलं वंगण सुकलंय. आणि डासासारखी बारीक 'चींऽऽ' असेल तर तो पंखा नव्हेच. तो ग्राफिक्स कार्डाच्या किंवा एसएमपीएसच्या (कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा, म्हणजे कॉइलचा आवाज. पंखे बदलून जाणार नाही.

आणखी एक प्रकार गाणाऱ्या माणसाला लगेच कळतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो तेव्हा पाती सेकंदाला १४० वेळा चौकटीच्या दांड्यांसमोरून जातात. १४० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ पेटीवरची खालच्या सप्तकातली काळी एक. माझा मागचा पंखा नेमका तिथं लागायचा आणि पुढचा त्याहून किंचित उतरलेला. दोघांतून 'घुंई... घुंई... घुंई' असा हेलकावा येत राहायचा. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा एकमेकींशी जुळल्या नसतील तर जे ऐकू येतं तेच हे. पंखे खराब नाहीत, फक्त त्यांचे वेग फार जवळजवळ आहेत. दोघांत दीडशे फेऱ्यांचं अंतर ठेवलं आणि तो मंद हेलकावा गेला. सतत एकसारखा येणारा आवाज कान विसरतो, हेलकावणारा विसरत नाही. म्हणून आधी तो घालवा.

तापमान किती चढतं, त्यापेक्षा किती वेळात चढतं ते पाहा

एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम प्रोसेसरचं तापमान आणि प्रत्येक पंख्याचे फेरे दाखवतो. तो उघडा ठेवून एखादं जड काम सुरू करा. मी व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला.

कामाला सुरुवात होताच दोन-तीन सेकंदांत तापमान ९५ च्या पुढे उडालं, तर उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकमध्येच, म्हणजे त्याच्यावर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्यातच, जात नाहीये. दोष त्या दोघांच्या मधल्या जागेत आहे. तेच तापमान दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर हीटसिंक आपलं काम करतोय, पण कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाहीये. याचा ताळा घ्यायला बाजूची पत्री काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेटचा श्वास कोंडलाय हे नक्की. जेमतेम एखाद-दुसरा अंश उतरला, तर हीटसिंककडे जा.

माझ्याकडे दोन्ही दोष एकत्र होते आणि म्हणूनच दोन वर्षं चकवा बसला. एक दुरुस्त केला की थोडे दिवस बरं वाटायचं.

सैल झालेली पिन

प्रोसेसरसोबत मिळणारा हीटसिंक चार प्लास्टिकच्या पिनांनी मदरबोर्डवर बसतो. माझ्या चारपैकी एक पिन अर्धी वर आलेली होती. वरून पाहिलं तर कळणार नाही. बोटानं हीटसिंकचा तो कोपरा दाबला तेव्हा केसभर हलला. केसभर पुरे आहे. तेवढ्या फटीत हवा शिरते आणि हवा उष्णतेला अडवून धरते. दर सफाईला कुणीतरी तो हीटसिंक ब्रशनं घासत होतं, तेव्हा ती पिन आणखी थोडी उचलली जात असणार.

पिन बसवायची रीत अशी. वीज बंद, प्लग काढलेला. पिनेच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेनं फिरवली की सुटते, म्हणून बसवण्याआधी चारही पिना बाणाच्या उलट दिशेला फिरवून घ्या. मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीनं दाबा: आधी एक कोपरा, मग त्याच्या कर्णातला, मग उरलेले दोन. प्रत्येक वेळी 'टक्' असा आवाज यायला हवा. तरी त्या आवाजावर विसंबू नका. मदरबोर्डच्या मागच्या बाजूनं टॉर्च मारून चारही टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का ते बघा. आमची चौथी पिन 'टक्' म्हणूनही पूर्ण गेली नव्हती.

हीटसिंक काढलाच आहे तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधली बारीक फट भरणारा लेप) पुसून नवी लावायलाच हवी. एकदा उचललेली पेस्ट पुन्हा नीट बसत नाही. माझी वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा, मग मधोमध वाटाण्याएवढा थेंब. बोटानं पसरवत बसू नका, दाबानं आपोआप पसरतो. एवढं झाल्यावर ३२ अंशांच्या खोलीत व्हिडिओ एक्स्पोर्टला ९६ वर जाणारा प्रोसेसर ७८ वर थांबला. हा प्रोसेसर १०० अंशांवर स्वतःच वेग कमी करून काम आवरतं घेतो, म्हणजे इतके दिवस तो कड्याच्या टोकावर चालत होता.

टेबलाच्या कप्प्यात ठेवू नका

सुताराकडून मी हौसेनं टेबल करून घेतलं होतं, खाली कंप्युटरसाठी कप्पा, पुढे दार. पावसात ओल लागू नये म्हणून. पण त्या कप्प्यात मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून वळते आणि पुढच्या पंख्यानं पुन्हा आत ओढली जाते. कंप्युटर स्वतःचाच उच्छ्वास घेत राहतो.

याचा हिशेब मांडता येतो. माझं यंत्र भर कामात साधारण २०० वॅट उष्णता टाकतं. तासाला ६० घनमीटर हवा कॅबिनेटमधून गेली तर ती हवा सुमारे १० अंशांनी तापते. तासाला २० घनमीटरच गेली तर ३० अंशांनी. मे महिन्यात दुपारी माझी खोली ३३ अंशांवर असते. १० अंश चढून ४३ झाले तर पंख्यांना झेपतं. ६३ अंशांच्या हवेनं प्रोसेसर गार करायला गेलात तर कितीही महागडा पंखा ओरडणारच. पंखा हवेला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त उष्णता वाहून नेतो, आणि वाहून नेलेली उष्णता परत दारातून आत येत असेल तर त्यानं काय करावं?

कप्प्याचं दार काढलं, कॅबिनेट बाहेर काढून जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर ठेवलं, मागे भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं. एक पैसा न घालता सात अंश उतरले.

हवा कुठून येते-जाते ते पाहायला उदबत्तीसारखं साधन नाही. खोलीचा पंखा बंद करा, पेटती उदबत्ती कॅबिनेटच्या पुढे धरा, धूर आत ओढला जायला हवा. मागे धरा, दूर लोटला जायला हवा. मग बारीक फटींपाशी फिरवा: मागच्या बाजूला जादा कार्डांसाठी सोडलेल्या रिकाम्या पट्ट्या, पत्रीच्या कडा. तिथं धूर आत शिरत असेल तर बाहेर टाकणारे पंखे आत घेणाऱ्यांपेक्षा भारी पडताहेत आणि धूळ फिल्टर चुकवून त्या फटींतून आत येतेय. राख आत पडू देऊ नका. आमच्या दुरुस्तीवाल्यानं बदललेला पुढचा पंखा उलटा बसवलेला होता, हे असं धुरानं दाखवलं. दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकत होते. पंख्याच्या ज्या बाजूला आडवे दांडे दिसतात, हवा त्या बाजूनं बाहेर पडते, हे लक्षात ठेवा.

संथ पंखे, आणि त्यांची कमजोरी

शांततेचं खरं गणित इथं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. दोन सारखे पंखे एकत्र चालवले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. म्हणजे एका जोरात पळणाऱ्या पंख्याच्या जागी दोन पंखे निम्म्या वेगानं चालवले, तर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलनं कमी. म्हणून मी पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आत घेणारे लावले, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींमधून हवा बाहेर जाते आणि धूळ फिल्टरवरच अडते. नंतर प्रोसेसरवरही १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर बसवला. घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा मावतो ते मोजा, नाही तर पत्री लागत नाही.

पण पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा दाब पाव होतो. मोकळ्या वाटेत पाव दाब पुरतो. फिल्टर तुंबलेला असेल तर संथ पंखा फिरत राहतो, शांत राहतो आणि हवा मात्र जवळपास येतच नाही. माझा त्रास दर दोन महिन्यांनी का परतायचा त्याचं उत्तर मला इथं मिळालं. जितका कंप्युटर शांत कराल, तितका तो धुळीला हळवा होतो.

आणि गोव्याची धूळ साधी नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये तांबड्या मातीची पूड उडते, खाणपट्ट्याच्या बाजूला डिचोली-साखळीकडे तर विचारू नका. मग पहिला पाऊस पडतो, हवा ओली होते, आणि फिल्टरवरची ती कोरडी पूड दमट होऊन थापली जाते. जूनमध्ये मी पुढची जाळी काढली तेव्हा तिच्यावर विटकरी रंगाचा नमदा बसला होता. नखानं एका कोपऱ्यातून उचलला तर कापडासारखा अखंड सोलून आला. त्याला ओल्या गोणपाटाचा वास होता. समुद्राजवळ राहणाऱ्यांकडे त्यात मिठाची भर पडते.

म्हणून सफाईचा दिवस ठरवून घ्यायचा, आवाज वाढायची वाट पाहायची नाही. माझ्याकडे शिगम्यानंतर एकदा, मृग लागण्याआधी एकदा आणि चतुर्थीच्या साफसफाईत एकदा, शिवाय महिन्याला जाळीवरून कोरडा ब्रश. जाळी साबणाच्या पाण्यानं धुवा, पण पुरती वाळल्याशिवाय लावू नका. जुलैमध्ये वाळायला दीड दिवस लागतो, म्हणून मी दुसरी जाळी आणून ठेवली आहे. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीज मदरबोर्डकडे जाऊ शकते. एसएमपीएस मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धक्का बसेल एवढा भार उरतो. बाहेरूनच फुंका.

बायोसमधलं वळण

पंखा किती तापमानाला किती फिरेल ते बायोसमध्ये, म्हणजे कंप्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये ठरतं. तापमानाबरोबर वेग चढवणाऱ्या या रेषेलाच मी वळण म्हणते. तिथं आधी एक गोष्ट तपासा: पंख्याची वायर तीन पिनांची आहे की चार. चार पिनांचा पंखा चौथ्या पिनेवरून येणाऱ्या, वेग सांगणाऱ्या पीडब्ल्यूएम संकेतावर चालतो, तीन पिनांचा व्होल्टेजवर. तीन पिनांचा पंखा लावून सेटिंग पीडब्ल्यूएमवर राहिलं तर तो सदासर्वकाळ पूर्ण वेगानं धावतो. सेटिंग डीसी, म्हणजे व्होल्टेजवरचं, करा. कित्येकांची घरघर एवढ्यावर संपेल.

दुसरं, मुळातलं वळण आपल्या हवामानाचं नसतं. माझ्या बोर्डाचं वळण ४० अंशांपासूनच चढायला लागायचं. थंड प्रदेशात ते ठीक असेल. आमच्याकडे खोलीच ३२ अंशांवर, मग नुसता पडून असलेला प्रोसेसर ४५ वर. पंखा कायम चढणीवरच. मी ५५ अंशांपर्यंत ६५० फेरे सपाट ठेवले, ७५ पर्यंत हळू चढ, त्यापुढे सरळ वर. शिवाय वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायचं सेटिंग असतं, ते वाढवलं. ब्राउजर उघडला की प्रोसेसर क्षणभर उसळतो आणि लगेच निवतो. त्या प्रत्येक उसळीला पंख्यानं 'हूऽऽ' करायची गरज नाही.

तिसरं, उष्णताच कमी करा. हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण थोडा वेळ १३४ वॅटपर्यंत जायची त्याला मुभा आहे. ठरल्याप्रमाणे ती २८ सेकंदांची. काही मदरबोर्ड ही मर्यादा सैल सोडतात. मी कायमची मर्यादा ६५ आणि तात्पुरती ९० केली. लांब व्हिडिओला तीन-चार मिनिटं जास्त लागतात. रात्री एक्स्पोर्टला लावून झोपायचं असतं, मला त्या मिनिटांचं काय?

पावसाळ्याची भीती

"पावसात पंख्यानं दमट हवा आत ओढली तर पाणी साठेल ना?" हे मला खूपजण विचारतात. चालू कंप्युटरमध्ये साठत नाही. पाणी जमायला वस्तू हवेपेक्षा गार लागते आणि चालू कंप्युटर हवेपेक्षा गरमच असतो. धोका आहे तो बंद पडून राहिलेल्या यंत्राला: धुळीचा थर ओल धरतो, जोडण्यांच्या धातूच्या पिना गंजतात. गावी गेलात, महिनाभर बंद राहिला, असं जुलैत होऊ देऊ नका. घरी कुणी असेल तर दोन-तीन दिवसांआड अर्धा तास चालू करायला सांगा. एसीचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. आणि मागच्या मोकळ्या पट्ट्या बंद करा. त्यातून मुंग्या येतात, पाली येतात. आमच्याकडे एक पाल पंख्यात सापडली होती. ते दृश्य नको वाटतं.

आता राहिला बेअरिंगचा प्रश्न. स्वस्त पंख्यांत साधं स्लीव्ह बेअरिंग असतं, गरम हवेत त्याचं वंगण लवकर सुकतं, आणि पंखा आडवा बसवला असेल तर अजून लवकर. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून मी एक पंखा तीन आठवडे चालवला, मग खरखर परत आली. तेव्हा तेल घालत बसू नका. बाकी सगळं तपासून झालं असेल, उष्णता आटोक्यात असेल आणि तरीही सकाळी चालू करताना खरखर येत असेल, तर आता मात्र पंखाच बदला. घेताना फ्लुइड बेअरिंगचा, चार पिनांचा, २५ मिलिमीटर जाडीचा मागा, आणि बसवताना दांड्यांची बाजू कुठं येतेय ते स्वतः उभं राहून बघा.